पाहुण्यांसाठी आणलेला सोफा

गरिबी दाखवायची असते, हे आमच्याकडच्या लोकांना शेवटपर्यंत जमलं नाही. असायला ती घरोघर होती, पण दार उघडून पाहुण्याला ‘ही बघा’ म्हणायची रीत नव्हती. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्यातला निम्मा वेळ मी लोकांना एवढंच समजावत बसले की बाबांनो, जेवढं आहे तेवढंच सांगा, चढवून सांगू नका.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. त्याला वाटतं, लोक उत्पन्न लपवत असतील. लपवणारेही भेटले, नाही कशाला म्हणू. पण कोंढ्याकडचे एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर उत्पन्नाचा दाखला आपटून ‘इतकं कमी कसं लिहिलं?’ म्हणून भांडायला लागले, तेव्हा मी चाट पडले होते. दाखला मी दिलेला नव्हता, तो तहसीलमधून आलेला. मी म्हटलं, काका, कमी आहे म्हणूनच मुलाला शिष्यवृत्ती मिळणार आहे. ते म्हणाले, यंदा दिवाळीनंतर गावची मंडई भरते, त्या जत्रेत पाहुणे येणार, मोठीचं जुळायचं आहे, हा कागद कोणाच्या हाती लागला तर काय तोंड दाखवू. ते परत तहसीलमध्ये गेले, आपण खरं तर जास्त कमावतो असं तिथे ठासून सांगून आले आणि मर्यादेच्या वर गेलेला नवा दाखला घेऊन माझ्याकडे हजर. चेहऱ्यावर केवढं समाधान! मुलाची शिष्यवृत्ती त्या वर्षी गेली. मी कपाळाला हात लावला.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. एका कागदावर वडिलांचं नाव ‘सुकराम’ आणि दुसऱ्यावर ‘सुखराम’ असलं की अर्ज परत. हे जुळवून देणं, पोरांच्या मागे लागणं, सर्व्हर बंद असला की संगणकाला शिव्या घालणं हे माझं काम. ते मी चांगलं केलं, असं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. सरकारची मदत येते, पण ती मागून येते आणि कॉलेजला पैसे पुढून लागतात. पोरगी बाहेरगावी शिकायला गेली तर होस्टेल, मेस, युनिफॉर्म हे सगळं पहिल्याच दिवशी. या मधल्या खड्ड्यात आमची कितीतरी हुशार पोरं पडली.

त्या खड्ड्यावर फळी टाकायला म्हणून नागपूरची एक ट्रस्ट आमच्याकडे यायची. नाव सांगत नाही. दरवर्षी आमच्या बारावीतल्या दोन-तीन मुलांचा पुढच्या शिक्षणाचा राहण्या-जेवणाचा पूर्ण खर्च ते उचलत. त्यांची एकच अट होती. मुलाच्या घरी येऊन ते स्वतः पाहणी करत. कागद कोणीही आणतो, आम्ही डोळ्यांनी पाहतो, असं त्यांच्या ताई म्हणत. साध्या सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या, मनाने चांगल्या बाई. त्यांच्याबरोबर एक साहेब असत, ते फक्त लिहून घेत.

पल्लवी त्या वर्षीची आमची सगळ्यात हुशार मुलगी. दिघोरीजवळच्या एका लहान गावची. वडील डोमाजी, तलावाखाली धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं एवढंसं खाचर, बाकी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. आई मिळेल त्या कामाला. पल्लवीला नर्सिंगच्या डिग्रीला नंबर लागला होता, नागपूरला. फी सरकार भरणार होतं, होस्टेलचं कोण भरणार हा प्रश्न होता. ट्रस्टने हो म्हटलं तर ती नर्स होणार, नाही म्हटलं तर जागा जाणार. मधला रस्ता नव्हता. तिचा अर्ज मी स्वतः पाठवला होता आणि मनात म्हटलं होतं, हे काम झालंच.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी डोमाजींना फोन केला. आता मला अनुभव होता, म्हणून बजावून सांगितलं की घर आहे तसं ठेवा, काही करू नका. ते म्हणाले, हो हो मॅडम, तुमी काई फिकर करू नका, सारं बराबर करतो. हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

भादवा सरत आला होता. धान निसवायला आलं होतं, निंदण आटोपलं होतं, गल्लीतली सगळी माणसं घरीच होती. आमची गाडी डोमाजींच्या दारात थांबली तेव्हा अंगणात सडा, रांगोळी, दाराला आंब्याचं तोरण. मातीची भिंत नव्यानं पोतारलेली. डोमाजी इस्त्रीच्या शर्टात, आणि तो शर्ट त्यांच्या मापाचा नव्हता. आम्ही आत गेलो आणि मी दारातच थबकले.

आत सोफासेट होता. मरून रंगाचा, वरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही असा. तो त्या खोलीत मावत नव्हता, म्हणून एक खुर्ची चुलीकडे सरकवली होती. कोपऱ्यात फ्रिज. खिडकीत कूलर, आणि तो भर पावसाळ्यात भरधाव सुरू, पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून. ताई पदर आवळून बसल्या. बशीत पोहे, आलूबोंडे, लाखोळीच्या डाळीचे वडे. पल्लवी नवी साडी नेसून ट्रे घेऊन आली. तिची मान खाली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कोणाच्याही मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की सगळी गल्ली आपलं सामान त्या घरी आणून मांडते. एकाच्या खुर्च्या, दुसऱ्याच्या कपबशा, तिसऱ्याची चादर. उद्या आपली पोरगी असेल तेव्हा तेही देतील. यात फसवणूक नाही, पाहुण्याचा मान आहे आणि पोरीचा मान आहे. मुलाकडच्यांनाही ते माहीत असतं, त्यांच्या गल्लीतही तेच चालतं. आता नागपूरहून गाडी येणार, बाई आणि साहेब येणार, घर पाहणार, पोरगी किती शिकली ते विचारणार. मग गल्लीनं दुसरं काय करायचं? हे लग्नाचे पाहुणे नाहीत एवढं त्यांना कळत होतं. पण आपल्या पोरीला पाहायला पाहुणे येत आहेत, आणि पाहुणे म्हणजे पाहुणे.

पाण्याचे ग्लास आले. माझ्या ग्लासावर कोणा रोशनच्या लग्नाची आठवण कोरलेली, ताईंच्या ग्लासावर कोणा भागरताबाईचं नाव, साहेबांच्या ग्लासावर तिसरंच. आमच्याकडे भांड्यावर नाव असतंच, कारण भांडी अशी फिरत असतात. पण ताई ग्लास वाचत नव्हत्या, त्या फ्रिजकडे पाहत होत्या. डोमाजींच्या देखत मी बोलू शकले नाही. आपल्या घरातलं एकही सामान आपलं नाही, असं त्यांच्या दारात बसून, त्यांचे पोहे खाऊन कसं सांगायचं?

गाडीत बसल्याबरोबर मी सगळं सांगितलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मॅडम, तुमचा जीव आहे मुलांवर, म्हणून तुम्ही असं म्हणता. पण सोफ्याचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही हो. साहेबांनी वहीत काय लिहायचं ते लिहिलं होतं.

चार दिवसांनी नकार आला. मी आधी ट्रस्टला फोन केला, भांडले, हात जोडले. निवडलेल्या मुलांना पत्रं द्यायला आम्ही कॉलेजला येणार आहोत, तेव्हा पल्लवीच्या बाजूनं कोणाला काही सांगायचं असेल तर ऐकू, एवढं कबूल झालं. मग मी डोमाजींना बोलावून घेतलं. सोफ्यामुळे गेलं, असं सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

“म्हंजे मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “पाव्हन्याइले खाली बसवलं असतं, तं पोरीचं काम झालं असतं?”

मी हो म्हटलं. माणसाच्या चेहऱ्यावर एवढा धक्का मी क्वचित पाहिला आहे. पोरगी नापास झाली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी गत. मी म्हटलं, गल्लीतली दोन माणसं घेऊन या, सामान त्यांचं होतं असं ती सांगतील. ते मान हलवून गेले.

त्याच यादीत निवड झालेला एक मुलगा होता. वडिलांचं बाजाराच्या गावात चांगलं चालणारं दुकान. पाहणीला मी तिथेही गेले होते. घर झाडून रिकामं, दोरीवर दोन जुने कपडे, आणि फरशीवर फ्रिजच्या चार पायांचे गोल डाग. फ्रिज शेजाऱ्याकडे हलवला होता. मी ते डाग ताईंना दाखवले, तर त्या म्हणाल्या, बिचाऱ्यांना विकावा लागला असेल. मी हात टेकले.

पत्रं द्यायच्या दिवशी ताई आणि साहेब प्राचार्यांच्या खोलीत बसले होते. दुकानदार कोऱ्या चेहऱ्यानं सही करून, पत्र घेऊन गेले. तेवढ्यात गेटवर गलका झाला. शिपाई धावत आला आणि मला म्हणाला, मॅडम, कोणाचं तरी लग्न आलं आहे. मी व्हरांड्यात आले आणि आ वासून उभी राहिले. गेटमधून ट्रॅक्टर आत येत होता. मागे ट्रॉली, ट्रॉलीत तो मरून सोफा, त्याच्यावर म्हाताऱ्या बसलेल्या, मध्ये फ्रिज दोरीनं बांधलेला, कूलर, आणि बाकीची गल्ली उभी. दोन माणसं आणा म्हटलं होतं मी.

त्यांनी सोफा उतरवून सरळ व्हरांड्यात मांडला. पुढे डोमाजींच्या शेजारची पुस्तकलाबाई होती. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत कुंकू लावलेली, आवाज खणखणीत. प्राचार्य बाहेर आले, मागोमाग ताई आल्या. पुस्तकलाबाईनं नमस्कार केला आणि सांगितलं की हा सोफा तिच्या सुनेच्या आंदणाचा, सुनेनं अजून प्लॅस्टिक काढू दिलेलं नाही. भागरताबाईनं आपला ग्लास काढून नाव दाखवलं. एकानं फ्रिजच्या बिलाची पावती आणली होती. एका पोरानं डोमाजींच्या अंगातला तो शर्ट आपला असल्याचं सांगितलं. सगळ्यांचा सूर एकच होता, चूक आमची आहे, डोमाच्या घरी बसायला खाट सोडून काही नाही, पोरीचं नुकसान करू नका.

ताईंचे डोळे पाणावले. मला वाटलं, जिंकलो. त्या सगळ्यांना म्हणाल्या, मला पटलं, माझी चूक झाली. मग त्यांनी पुढे जे सांगितलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या म्हणाल्या, आमची ट्रस्ट निराधारांसाठी आहे. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. ज्या मुलीसाठी अख्खी गल्ली सोफा उचलून इतक्या लांब येते, तिला निराधार कसं म्हणू?

मी भांडले. म्हटलं, ताई, गल्ली सोफा देऊ शकते, होस्टेल देऊ शकत नाही. यांच्यातल्या प्रत्येकाचं घर डोमाजींसारखंच आहे, एकाकडे सोफा तर दुसऱ्याकडे कूलर, सगळी गल्ली मिळून एक बरं घर होतं. त्यांना पटत होतं, ते दिसत होतं. पण ट्रस्टचा नियम त्यांनी केलेला नव्हता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी एक छापील कागद काढला. प्रत्येक पालकाला सही करावी लागते तो. दुकानदारानं मघाशी न वाचता केली होती. ताई हळूच म्हणाल्या, यावर वडिलांनी सही केली तर मी पुढे काही विचारणार नाही.

सहीसाठी आम्ही प्राचार्यांच्या खोलीत टेबलापाशी आलो आणि पल्लवीनं तो कागद वडिलांना वाचून दाखवला. आमच्या कुटुंबास नातेवाईक, शेजारी अथवा समाज यांपैकी कोणाचाही आधार नाही, असं त्यात होतं. ती ‘शेजारी’ शब्दावर अडखळली, मग पुढे वाचलं. सगळी गल्ली दाराबाहेर व्हरांड्यात थांबून ऐकत होती. डोमाजींनी पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

“हे नाई होत मॅडम,” ते मला म्हणाले, ताईंना नाही. “हे इतके लोक हातचं काम सोडून आले. यायच्या समोर कसं लिवून देऊ का आमचं कोनी नाई म्हनून?”

“बाबा, राहू द्या,” पल्लवी म्हणाली. “मी इथंच बी.एस्सी. करतो.”

तिचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्यामुळेच मला रडू आलं. नर्सिंगसाठी त्या पोरीनं दोन वर्षं काय मेहनत घेतली होती ते मी पाहिलं होतं. मी ताईंकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं. मग पुस्तकलाबाई व्हरांड्यातल्या सोफ्यावरून उठून आत आली. टेबलावरचं पेन तिनं उचललं आणि डोमाजींच्या हातात दिलं.

“कर सई, डोमा,” ती म्हणाली. “आमी मेलो समज.”

“वयनी, असं नोको बोलू.”

“मंग का बोलू? पोरगी नरस होऊन रायली, अन् तू आमचं तोंड पाहून रायला. आमी हटतो अठून. तवा तं करशीन?”

तिनं गल्लीकडे वळून सांगितलं, भरा रे सामान. आणि ते सगळे निघाले. सोफा उचलला, फ्रिज बांधला, म्हाताऱ्यांना हात देऊन चढवलं. मी इतकी वर्षं या खुर्चीवर बसले, खोटे दाखले पाहिले, खोटे बाप पाहिले, पण एका माणसाला ‘माझं कोणी नाही’ हे खरं लिहिता यावं म्हणून त्याची माणसं उठून जातात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर सुरू झाला, गेटबाहेर वळला. ताई उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या नंतर म्हणाल्या की मला असं नको होतं.

डोमाजींनी सही केली. पेन फार वेळ चाललं, सही लहानशीच होती. पल्लवीला पत्र मिळालं. तिनं ताईंच्या पाया पडून, माझ्या पाया पडून ते पिशवीत ठेवलं. बापलेकीत आनंद असा काही दिसेना. कोणी मेल्याच्या घरून निघावं तशी ती दोघं निघाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती ट्रॉलीतूनच आली होती आणि आता परत जायला त्यांना काही नव्हतं. दिघोरीची एसटी सुटते पलीकडच्या सानगडी गावाहून, तीही संध्याकाळी. मी ताईंना चहासुद्धा न विचारता पर्स घेतली, स्कूटी काढली आणि त्यांच्या मागे गेले, निदान सानगडीपर्यंत पोचवून द्यावं म्हणून.

रस्त्याच्या वळणापलीकडे, जिथून कॉलेज दिसत नाही, तिथे ट्रॉली उभी होती. इंजिन बंद. सगळी गल्ली तशीच बसलेली, सोफ्यावर दोघांपुरती जागा मोकळी सोडून. डोमाजी ट्रॉलीपाशी जाऊन थांबले. चढले नाहीत. मी मागे स्कूटी थांबवली.

“वयनी,” ते खाली पाहत म्हणाले, “मी लिवून देल्लं. आमचं कोनी नाई म्हनून लिवून देल्लं.”

“मालूम आहे,” पुस्तकलाबाई म्हणाली. “चढ आता. बांधीत पानी घ्याचं आहे.”